बहिणीच्या वाट्याचा बांध

दिवाळीसाठी पेण आणि रोहा या दोन गावांवर पुरवणी काढायचं वृत्तपत्राने ठरवलं, तेव्हा मी त्या दोन्ही गावांची वार्ताहर होते. घर रोह्याच्या पुलापलीकडे अष्टमी नावाच्या गावात, आणि पेणला रामवाडीत भाड्याची एक खोली. आठवड्याचे चार दिवस पेण, तीन दिवस रोहा आणि मध्ये नागोठण्यावरून जाणारी एसटी. संपादकांनी फोनवर तीन मथळे दिले: इतिहास, सोयी, प्रेक्षणीय स्थळं. "इतिहास थोडक्यात," ते म्हणाले. "सोयी सविस्तर. स्थळांना फोटो पाहिजेत. आणि रडगाणं नको, दिवाळी आहे."

कोजागिरीच्या दिवशी, बुधवारी दुपारी, मी पेणच्या नगरपालिकेत सोयींची यादी उतरवून घेत होते. कारकून रजिस्टर वाचत होता: सार्वजनिक नळ, दवाखाना, वाचनालय, प्राथमिक शाळा, मासळीबाजार.

"स्मशान सोयीत घ्यायचं का?" त्याने विचारलं.

"इतर गावांनी काय केलंय?"

"घ्या हो. एकच सोय अशी आहे की तिच्याबद्दल आजवर तक्रार आली नाही."

मी ते लिहीत होते तेवढ्यात दारात एक टेम्पोवाला येऊन उभा राहिला. वडखळच्या पलीकडे, खाडीकाठच्या ज्या गावात माझी थोरली बहीण दिली होती, तिथला तो. बाजारात भाजी उतरवून आला होता.

"बाय, तुमच्या ताईच्या वाट्यात खांड गेली," तो म्हणाला. "बाराच्या भरतीला. समदं पानी आत."

खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. त्या पट्ट्यातली भातशेती खाडीच्या भरतीपेक्षा खालच्या पातळीवर आहे. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध असतो, आणि तो आहे तोवर शेत आहे. आमचे वडील नोकरीसाठी रोह्याला आले आणि आम्ही दोघी बहिणी पुलाजवळच्या शाळेत वाढलो. ताई लग्न करून परत खाऱ्या मातीत गेली, मी गेले नाही. त्या गावात प्रत्येक घराला बांधाचा एक तुकडा नेमून दिलेला होता, काठीने मोजून. त्याला वाटा म्हणत. पावसाआधी आपल्या वाट्याची डागडुजी त्या त्या घरच्या माणसाने करायची. ज्या घराला वाटा राखता येणार नाही त्याचा वाटा जवळच्या भाऊबंदाकडे जायचा, आणि वाट्यामागचं शेतही त्यानेच कसायचं. हे सातबाऱ्यावर लिहिलेलं नव्हतं. पण गावात चालत होतं ते हेच.

भावोजी आखातात नोकरीला होते. दोन वर्षांतून एकदा येत. घरात ताई, तिची सासू आणि दोन लहान मुली. वाटा ताई राखत होती. भावोजींचा धाकटा भाऊ शेजारीच वेगळा राहत होता. त्याचं शेत ताईच्या शेताला लागून, आतल्या बाजूला. बायकांच्या हातात बांध राहत नाही, हे तो गेली दोन वर्षं पाणवठ्यापासून देवळापर्यंत सगळीकडे बोलत होता.

मी पोचले तेव्हा ओहोटी लागली होती. आत शिरलेलं पाणी खांडीतून परत खाडीत धावत होतं, आणि कापणीला आलेलं भात एकाच दिशेने झोपलेलं होतं, ताईचं सगळं आणि तिच्या दिराचं अर्धं. भगदाड पंधरा हात रुंद असेल. बांधावर तीस-चाळीस माणसं उभी होती. बांधाची देखरेख ज्यांच्याकडे होती त्या म्हाताऱ्यांना सगळं गाव आबा म्हणे. ते खांडीच्या कडेला उकिडवे बसले होते. त्यांनी तुटलेल्या बांधाच्या पोटात हात घातला, माती बाहेर काढली आणि दोन बोटांत चोळली.

"चिंबोरीचं बीळ," ते म्हणाले. "आतनं बुजवलंय. शेताकडनं. खाडीकडचं तोंड उघडंच. पानी बिळात जाऊन बसलं नि बांध पोटातनं भिजला."

"वैनी, बिळं कोनी बुजवली?" दिराने विचारलं.

ताईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि फार थोडा वेळ.

"मीच," ती म्हणाली.

वैशाखात मी आठ दिवस तिच्याकडे होते. तिला ताप होता. बिळं बुजवायची राहिली होती, म्हणून तिच्या वाट्याचा उत्तरेकडचा अर्धा भाग मी केला. खेकड्याच्या बिळात चिखल कोंबायचा आणि टाचेने दाबायचा, एवढंच काम. खाडीच्या बाजूला गुडघाभर चिखल आणि तिवरांची, म्हणजे खाडीतल्या झाडांची, खुंटं होती, म्हणून मी शेताच्या बाजूने उभी राहून बिळं बुजवली. आधी बाहेरून, खाडीकडून, तोंड बंद करायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिथे ते कोणी कोणाला सांगत नाही. लहानपणापासून बघून येतं. मी लहानपणी पुलावरून होड्या बघत होते.

घरी जाताना ताई पुढे आणि मी मागे. शेताच्या बांधावर दोघींना शेजारी चालता येत नाही.

"मी सांगते त्यांना," मी म्हटलं.

"काय सांगशील?"

"जे झालं ते."

ती थांबली, पण वळली नाही. "तू गप राव. माझी चूक असली तर ती चूक. माणसाची होते. तुझी निघाली तर म्हनतील, घरात मानूस नाय म्हनून शेरातली बहीण बांधावर लावली. मग वाटा गेलाच समज. शेत गेलं. यांनी आल्यावर मला विचारलं तर मी काय सांगू? पेपरात काम करनाऱ्या बहिणीला दिलं होतं?"

सासूबाई ओटीवर बसल्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "किती गेलं गो?"

"समदं," ताई म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पेणच्या एसटीडी बूथवरून मी बातमी सांगितली. पाच ओळी. खाडीचा बांध फुटून भातशेतीचे नुकसान, उभे पीक खाऱ्या पाण्याखाली, ग्रामस्थांची तातडीने दुरुस्तीची मागणी. शेवटची ओळ होती: बांध फुटण्याचे नेमके कारण समजू शकले नाही. ही ओळ मी नोकरीत शेकडो वेळा लिहिली असेल. प्रत्येक वेळी ती खरी होती. त्या दिवशी ती मी न अडखळता सांगितली, आणि पलीकडून उतरवून घेणाऱ्याने विचारलं, "पुरवणीचं काय झालं?"

त्यानंतरच्या आठ दिवसांतलं कोणतंच काम माझ्याकडून एका जागी बसून झालं नाही. त्या पट्ट्यात खांड केव्हाही बुजवता येत नाही. पुनवेला आणि अवसेला उधाण असतं, भरती मोठी आणि जोरकस. मधल्या अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा जोर सर्वांत कमी. खांड बुजवायची ती भांगात. भांग चुकला तर पुढचं उधाण खांड दुप्पट करतं, आणि बाजूची शेतंही जातात. भरतीची वेळ काढायचा हिशेब गावात पोरांनाही येतो: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सहाला खाडीच्या तोंडाशी भरती, आत गावापर्यंत यायला अजून तासभर. म्हणजे सातला भरती आणि एकच्या सुमाराला ओहोटी. मी पेणच्या रस्त्यातून चालताना हेच करत होते. पंचमी, पावणेचार. षष्ठी, साडेचार. लोक विचारत, काय पुटपुटताय?

शुक्रवारी मी बांधांचं काम बघणाऱ्या सरकारी कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर होते. कारकुनाने अर्ज घेतला. सोमवारी पाहणी, आणि वाळूच्या गोण्या त्याच्या पुढच्या सोमवारी. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट ठेवून सांगितलं, त्या सोमवारी द्वादशी आहे, तोपर्यंत पाणी परत चढायला लागतं. त्याने दिनदर्शिकेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "उपास असतो का तुमचा?" त्याने विचारलं. तो थट्टा करत नव्हता. त्याला तिथीचं दुसरं काही काम माहीत नव्हतं.

पुरवणीची कामं चालूच होती. पेणचा इतिहास मी दोन दिवसांत लिहिला. घाटावरून बैलांच्या पाठीवर माल उतरायचा, अंतोऱ्याच्या बंदरातून तो गलबतांनी मुंबईला जायचा, उलट वाटेने मीठ वर चढायचं. मग खाडी गाळाने भरली, रस्ते झाले, बंदर गेलं. त्या सगळ्याला साडेतीनशे शब्द पुरले. बंदर गेल्यावर गावाने पोह्यांच्या गिरण्या काढल्या, पापड लाटले आणि गणपती घडवले. मिठागरांचं मीठ आणि खारेपाटाचं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातलं, भात पेणच्या बाजारात येतं, हे सोयींत घालायचं की इतिहासात, हे मला ठरवता येईना. शेवटी ते कुठेच घातलं नाही.

प्रेक्षणीय स्थळांत गणपतीचे कारखाने घ्यायचे होते. पण विसर्जन होऊन महिना उलटला होता. मी फोटोग्राफरला घेऊन एका कारखान्यात गेले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या आणि मालक रबरी साचे धुऊन वाळत घालत होता.

"आता आलात?" तो म्हणाला. "वऱ्हाड गेल्यावर मांडवाचा फोटो काढायचा का?"

"एखादी मूर्ती नाही का उरलेली?"

"उरलेली मूर्ती पेपरात छापाल? धंदा बसवायचाय का माझा?"

मग त्यानेच पुढच्या वर्षासाठी केलेला पहिला नमुना आतून आणला. शाडूची, बिनरंगाची मूर्ती. फोटोग्राफर प्रकाश जमवत होता. मी विचारलं, आज तिथी कोणती? मालकाने पंचांग न बघता सांगितलं, सप्तमी लागली सकाळी. मी तिथून निघाले. फोटोच्या खाली काय ओळ घालायची हे फोटोग्राफर मागून विचारत राहिला. वडखळच्या नाक्यावर अलिबागची एसटी सोडून मी खाडीकडच्या रस्त्याने जाणाऱ्या विटांच्या ट्रकमध्ये बसले.

अष्टमीला, गुरुवारी सकाळी, प्रत्येक घरातून एक माणूस बांधावर आला. पूर्वी हे सोपं होतं. आता निम्मे पुरुष कंपनीत, तिघे-चौघे आखातात. कंपनीवाल्यांनी शिफ्ट बदलून घेतल्या होत्या. एक जण रात्रपाळी करून थेट आला होता आणि चिखलात उभा राहून डुलक्या काढत होता. आपल्या घराकडून ताई उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक हात जागा मोकळी राहिली.

खांडीच्या दोन्ही टोकांपासून बांबूच्या दोन रांगा ठोकत आणायच्या, मधल्या फटीत पेंढा आणि काटेरी फांद्या कोंबायच्या आणि वर चिखल. चिखल आतल्या शेतातून काढायचा, त्याचे भाकरीच्या पिठासारखे गोळे करायचे आणि हातोहात पुढे द्यायचे. गोळे करण्याचं काम बायकांचं, रांगेत उभं राहण्याचं पुरुषांचं. ताई रांगेत होती, म्हणून मी गोळे करायला बसले.

"पेपरात घालनार काय गो आमचा फोटू?" माझ्या शेजारच्या बाईने विचारलं.

"पुरवणीत प्रेक्षणीय स्थळं आहेत," मी म्हटलं.

"मग आमी काय वाईट दिसतो?"

बाकीच्या हसल्या. ती हातातला गोळा पुढे देत म्हणाली, "पाटील बसलाय त्या बाजूनं काढा. त्याचं पोट बगायला मुंबईचे येतील."

साडेबारापासून दीडपर्यंत पाणी जवळजवळ थांबलं. त्या तासात रांग पळत होती. आबा एकाही माणसाला नावाने हाक मारत नव्हते, फक्त बोट दाखवत. मधली शेवटची फट तीन हातांची राहिली तेव्हा त्यांनी चौघांना पाण्यात उतरवलं, पाठीला पाठ लावून, आणि त्यांच्या अंगावर पेंढा आणि चिखल टाकायला सांगितलं. त्या चौघांत दीर होता. फट बंद झाली तेव्हा त्यांना बगलेत हात घालून वर ओढावं लागलं. भरती आली, नव्या मातीला लागली, आणि संध्याकाळी सातला परत फिरली. बांध राहिला. पण तो ओला होता, आणि उंचीला जुन्या बांधाहून दीड हात कमी.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवळासमोर गाव बसलं. पुरुष पारावर, बायका भिंतीच्या कडेने. दिराने सरळ मागणी केली: वाटा आणि शेत माझ्याकडे द्या. भाऊ आल्यावर मी त्याला जबाब देईन.

"वैनीशी माझं भांडान नाय," तो म्हणाला. "पण बिळं कशी बुजवायची हे जिला कळत नाय तिच्या भरवशावर माझं भात किती वर्सं ठेवू?"

"तुझं भात आता हाय कुठं ठेवायला?" मागून कोणीतरी म्हणालं. हसू उठलं आणि लगेच विरलं.

एका कंपनीवाल्याने खिशातून घडी केलेला पेपर काढला. माझी पाच ओळींची बातमी त्याने मोठ्याने वाचली. शेवटची ओळ वाचून तो म्हणाला, "बघा. पेपरवाल्यांना कारन नाय समजलं. नि आबांना बसल्या बसल्या समजलं. कोनाचं खरं धरायचं?"

"पेपरवाली तिथंच बसलीय," दीर म्हणाला. "तिलाच इचारा."

तो टोमणा होता. त्याला काही माहीत नव्हतं. ताईने माझ्या मनगटावर हात ठेवला. मी उठले तेव्हा तो तिने काढून घेतला.

मी सांगितलं. वैशाखात, ताईला ताप असताना, तिच्या वाट्याच्या उत्तरेकडची बिळं मी बुजवली. शेताच्या बाजूने. बातमीतली शेवटची ओळ खोटी आहे, ती लिहिताना मला कारण माहीत होतं. एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असेल. मला वाटलं होतं की ते सांगून झाल्यावर अंगातली तगमग थांबेल. ती थांबली नाही.

एक बाई पुटपुटली, "शेरातली!" आणि बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. दिराने दोन्ही हात पसरले. "आता झालं? मी काय म्हनत होतो?"

ताई म्हणाली होती तसंच घडत होतं. ती उभी राहिली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण पारापर्यंत गेला.

"ती माझ्या घरची हाय. मी तिला लावली. ती करून आल्यावर मी जाऊन बघायला पायजे होतं, मी गेले नाय. ताप होता, पण चौथ्या दिवशी ताप उतरला होता. पाचव्या दिवशी मी भांड्यांना कल्हई लावून आणायला गेले, बांधावर नाय गेले. म्हनून मी म्हटलं, मीच. ते खोटं नव्हतं."

आबांनी मला विचारलं, "किती बिळं बुजवलीस?"

"अकरा."

"खांड एकाची गेली. म्हंजे दहा अजून तशीच हायेत."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. कोणाच्याच आलं नव्हतं. पारावरचे पुरुष एकमेकांकडे बघायला लागले.

"अवस गुरुवारी हाय," आबा म्हणाले. "तोवर दहाही बिळं खोदून काढा आणि भायेरनं बुजवा. बांध दीड हात चढवा. कोनी करायचं ते वाटेवाल्यानं करायचं. अवसेचं उधाण सोसलं तर वाटा हिचा. नाय सोसलं तर तुझा."

"नाय सोसलं तर माझं ऱ्हायलेलं शेत पन जाईल की!" दीर म्हणाला.

"मग तू पन बांध राख," आबा म्हणाले आणि उठले.

शनिवारी दुपारी, ओहोटीत, मी ताईला दहा बिळं दाखवली. मला प्रत्येकाची जागा आठवत होती: तिवराच्या वाकड्या खुंटापासून चार पावलं, मग फुटक्या मडक्याजवळ, मग उघाडीच्या, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या, दरवाजाकडे जाणाऱ्या उतारावर तीन ओळीने. ती कुदळीने खोदत गेली, मी खाडीकडच्या चिखलात उतरून चिखल भरत गेले. आठ सापडली. दोन बिळांच्या जागा माझ्या आठवणीत होत्या पण बांधावर नव्हत्या. पावसाने वरची माती सारखी केली होती. आम्ही त्या ठिकाणी बोटं खुपसून पाहिलं, काठी खुपसून पाहिली. ताई म्हणाली, "नीट आठव." मी आठवत होते. संध्याकाळी भरती चढली आणि बाहेर यावं लागलं.

रविवारी मला रोह्याला जावं लागलं. पुरवणीचा रोह्याचा अर्धा भाग बाकी होता आणि संपादकांनी दोनदा फोन केला होता. रोह्याच्या सोयी मी झोपेतही सांगू शकले असते: रेल्वे, जी त्या वेळी तिथेच संपत होती, नदीवरचा पूल, तालुक्याची कचेरी, धाटावच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसगाड्या, सार्वजनिक वाचनालय. प्रेक्षणीय स्थळांत ग्रामदैवताचं देऊळ, जिथे पालखी निघताना पोलीस बंदुकीची सलामी देतात, आणि डोंगरावरचा किल्ला. अष्टमी गावच्या बाजारात आखातातून आलेल्यांच्या घरांना नवे रंग लागले होते, त्यावरही चार ओळी लिहिल्या. लिहिताना मी दर तासाला उठून पुलावर जात होते. कुंडलिकेचं पाणी पुलाच्या खांबावर किती चढलंय ते बघायला. रोह्याचं पाणी ताईच्या बांधाला लागत नाही, त्या दोन वेगळ्या खाड्या आहेत. हे मला माहीत होतं. आई दारातून विचारत होती, कोणाची वाट बघतेयस?

मंगळवारी रात्री मजकूर पाठवला आणि बुधवारी परत गेले. बांध चढला होता. ताईने पाच दिवस चिखल उपसला होता, शेवटचे दोन दिवस सासूबाईही गोळे करायला बसल्या होत्या. दोन बिळं सापडली नव्हती.

गुरुवारी लक्ष्मीपूजन होतं. दारांपुढे रांगोळ्या काढून झाल्या आणि अकराच्या सुमाराला लोक हळूहळू बांधावर जमले. नवे कपडे कोणी घातले नव्हते. आबांनी खाडीच्या बाजूला एक काठी रोवून तिच्यावर कोयत्याने खूण केली. पाणी त्या खुणेच्या वर गेलं तर बांध राहणार नाही.

पाणी आवाज न करता चढतं. तिवरांची खुंटं गेली, मग वाकडं खुंट गेलं. बाराला पाणी खुणेच्या दोन वीत खाली होतं. सव्वाबाराला आतल्या बाजूने एक मुलगी ओरडली, "हितनं पानी येतंय!"

शेताच्या उतारावर करंगळीएवढी धार लागली होती. गढूळ. आबांनी ती बोटावर घेतली. स्वच्छ पाणी असतं तर फक्त पाझर. गढूळ म्हणजे बांध आतून वाहतोय. राहिलेल्या दोन बिळांपैकी एक.

ताईने पदर खोचला आणि खाडीच्या बाजूला उतरली. पाणी छातीला लागलं. तोंड कुठे आहे ते दिसत नव्हतं, ती पायाने चाचपत होती. मी वरून गोळे देत होते आणि ती ते पाण्याखाली नेऊन दाबत होती. धार थांबत नव्हती. "वर!" कोणीतरी ओरडलं. "वर ये, बांध बसला तर खाली जाशील!" ती वर आली नाही.

दीर बांधावर उभा होता. त्याच्या मागे, आतल्या शेतात, त्याचं उरलेलं भात होतं, अजून उभं. तो पाण्यात उतरला. ताईच्या शेजारी आला, डोकं पाण्याखाली घातलं आणि बराच वेळ वर आला नाही. आला तेव्हा त्याच्या तोंडात चिखल होता.

"वैनी, हात दे. हितं. तुझ्या गुडघ्याच्या खाली."

तिने हात दिला. तो तिचा हात धरून परत खाली गेला. मी गोळे फेकत राहिले. तिसऱ्या वेळी दोघं वर आले आणि दीर नुसता मान हलवत राहिला. आतल्या बाजूची मुलगी म्हणाली, "बारीक झाली." मग, "थांबली."

पाऊण वाजता पाणी खुणेला लागलं आणि तिथे उभं राहिलं. किती वेळ ते मी घड्याळात पाहिलं नाही. मग खुणेच्या खाली एक ओली रेघ दिसली.

दीर बांधावर बसला होता, पाय पसरून. "तीन वर्सं मीठ हाय त्या शेतात," तो ताईला म्हणाला. "भात नाय यायचं. काय करशील?"

"बांध राखीन."

"शेतात काय नसताना?"

"मागं तुझं हाय ना."

त्याने चिखलाची थुंकी टाकली आणि उठून गेला. त्याने वाटा मागितला नाही, आणि आबांनी त्याला विचारलंही नाही.

माणसं पांगायला लागली. बायका घाईने निघाल्या, पूजेची तयारी राहिली होती. ताईने साडीचा पदर पिळला. तिच्या दोन्ही कोपरांवर काटेरी फांद्यांनी ओरखडे उठले होते, त्यातून थोडं रक्त येत होतं. ती आबांकडे गेली.

"रातीला परत येईल ना एवढंच पानी?"

"एकच्या सुमाराला. जरा जास्तच येईल."

"दुसरं बीळ अजून सापडलं नाय."

"ठावं हाय मला."

"मी आताच बघायला उतरते, पानी उतरायला लागलंय तोवर," ती म्हणाली आणि मला कुदळ आणायला पाठवलं.